चार ओव्यांची माती

सोनतळ्याच्या पाझर तलावात त्या शनिवारी पाणी नव्हतं. आभाळातही नव्हतं. पाणी होतं ते फक्त हर्षदाच्या हातातल्या टॅबलेटवर. पूर्वेच्या समुद्राकडून माणदेशाकडं हळूहळू सरकणारा एक निळा भोवरा.

"मंगळवारी दुपारी," ती म्हणाली. "तीन तास. नव्वद मिलिमीटर."

बांधावर बसलेल्या तलाव समितीनं एकदा कोरड्या आभाळाकडं बघितलं. मृग कोरडा गेला होता, आर्द्रा कोरड्या गेल्या होत्या, मघांनी नुसता वारा दिला होता. आता हस्त, गावाच्या बोलीत हत्ती, लागायचा होता, आणि उपग्रहांच्या म्हणण्याप्रमाणे उभ्या वर्षाचा पाऊस एवढाच होता. एकच.

"एक असू दे, पर हत्ती हाय," समितीचे अध्यक्ष तात्या गोरड म्हणाले. तात्या म्हणजे हर्षदाचे सासरे. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, म्हणजे आता निकाल लागला. "सूनबाई, खारा फवारा लाव. माळ मिटव. समदा हत्ती तळ्यात उतरला पायजे."

कागदावर हर्षदा ‘झिरप-नियंत्रक’ होती. गाव तिला कवाडवाली म्हणे. तिचं कवाड डोळ्यांना दिसत नसे. गावाच्या वर, हुलगेवाडीच्या नऊशे एकर उतरत्या माळाच्या कातडीत ते होतं.

पावसाचा थेंब दिसायला लहान. पण मोठा थेंब आभाळातून खाली येईपर्यंत तासाला तीस किलोमीटरचा वेग धरतो, आणि उघड्या मातीवर घणासारखा बसतो. ढेकळातला कण कणापासून सुटतो. त्यातली पिठासारखी बारीक माती जमिनीच्या छिद्रांत जाऊन बसते, आणि पाचदहा मिनिटांत माळाच्या अंगावर गुळगुळीत साय धरते. ऊन पडलं की त्या सायीची पापडी. नखाएवढी जाड, पण खालून येणाऱ्या कोंबाचं डोकं फोडील अशी टणक. म्हणजे पावसानंच पावसाला दार लावायचं. वर पाणी धो धो वाहतं, आणि वीतभर खाली माती डब्यातल्या पिठासारखी कोरडी.

सात वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनी ह्या दाराला कडी बसवली. मातीतच राहणारा एक सूक्ष्मजीव त्यांनी घडवला. लोक त्याला जोडजीव म्हणत. गुळाच्या जातीचा गोड फवारा मिळाला की तो चिकट धागे विणतो आणि कणाला कण बांधून मातीचे बारीक लाडू वळतो. मग थेंब कितीही आपटला तरी लाडू फुटत नाहीत, आणि त्यांच्या फटींतून पाणी सरळ खाली जातं. खारा फवारा मिळाला की तोच जीव धागे तोडतो, कण सुटे होतात आणि पहिल्याच सरीत माळ काचेसारखा मिटतो. काहीच दिलं नाही तर जोडजीव उपाशी मरतो, आणि माळ पूर्वीसारखा पावसाच्या हवाली होतो.

करार सोपा होता. श्रावण संपेपर्यंतचा पाऊस वरच्या हुलगेवाडीचा, म्हणजे गोड फवारा. त्यानंतरचा पाऊस खालच्या सोनतळ्याचा, म्हणजे खारा. तीन वर्षं निभावलं. औंदा श्रावणात पाऊसच नव्हता, आणि पाऊस आला तेव्हा दोन्ही गावांची तोंडं त्या एकाच घासाकडं उघडली होती.

ड्रोन उडवायला अंगठा लागे तो हर्षदाचाच. तिचं माहेर वर, सासर खाली. तिला नेमलं तेव्हा दोन्ही गावं म्हणाली होती, ह्या पोरीचा अंगठा कुणीकडं झुकायचा न्हाई. तेव्हा तिला ते कौतुक वाटलं होतं.

"फवारा सोमवारी दुपारपर्यंत मारला तर चालतंय," ती म्हणाली. "तवर मी एकदा माळ बघून येते, तात्या."

"बघायचं काय त्यात? मशीन सांगतंय की."

"मशीन सांगतंय. मी बघते."

"माहेरला जायाचं म्हण की सरळ," समितीतल्या इंदूमावशी हसून बोलल्या. सगळे हसले. तात्या हसले नाहीत.

*

हुलगेवाडीला पोचायला अर्धा तास चढ. धनगरांची पंधरा घरं, त्यांची मेंढरं, आणि माळाच्या खोलगट पट्ट्यांत शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. शाळवाला वरचं पाणी लागत नाही. जमिनीनं पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर तो थंडीभर वाढतो. पण ओल पोटात शिरली तर.

तिचा थोरला भाऊ बिरू पट्टीच्या कडेला उभा होता. धूळपेर करून चार दिवस झाले होते. बी मातीत होतं आणि पावसाची वाट बघत होतं.

"या, कवाडवाली! आज कुणाच्या अंगठ्यानं आलीस?"

"माझ्याच. आई कुठं हाय?"

"आई हाय की. जमीन मोजाय बसलीया. तुझ्या मशीनवर तिचा भरवसा न्हाई." मग त्याचा आवाज खाली आला. "हर्षू, खरं सांग. खारा मारणार हायस?"

"समितीनं ठरवलंय."

"मंग ऐक. औंदा शाळू आला न्हाई तर कडबा न्हाई. कडबा न्हाई तर मेंढरं न्हाईत. मी चारशे मेंढरं घिऊन कोकणात उतरणार, आणि परत येणार न्हाई. आईला तुझ्या सोनतळ्याला ने. भरल्या तळ्याच्या काठावर बसव."

ती पट्टीत पुढं गेली. तिथं आई जमीन मोजत होती.

मालनबाई पुकळे उकिडव्या बसल्या होत्या. समोर पितळी कडं. एक जुनी घागर फुटली तेव्हा तिचं तोंड कापून त्यांच्या आजेसासूनं ते केलं होतं. हुलगेवाडीच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पेरणीआधी असंच करत. कडं चार बोटं मातीत दाबायचं, आत एक फुलपात्र पाणी ओतायचं, आणि ओव्या म्हणायच्या. पाणी जिरेपर्यंत जितक्या ओव्या, तितक्या ओव्यांची ती जमीन. सहाच्या आतली शाळवाची. दहाची हुलग्याची. त्याच्या पुढची नुसती चालायची.

मालनबाईंनी पाणी ओतलं आणि ठाय लयीत गळा लावला.

*माळाच्या माऊलीचा किती कोरडा गं घसा,*
*पाणी ओतते मी बाई, जसा लेकराला पसा.*

चौथी ओवी संपता संपता कड्यात नुसती ओली माती उरली.

"चार," हर्षदा म्हणाली. तिनं टॅबलेट बघितला. माळ उघडा, अठ्ठ्याण्णव टक्के. "बरोबर हाय की आई. मशीनपण हेच सांगतंय."

"सांगंल की. ही पट्टी मेंढरं बसवलेली. उन्हाळ्यात दोन महिने कळप इथंच निजत हुता. खुरांनी पापडी फोडली, लेंड्यांनी माती भरली. आता हिकडं ये."

आईनं कडं उचललं आणि वीस पावलं वर, जिथं मेंढरं बसली नव्हती तिथं लावलं. दाबताना त्यांना पायाचा जोर द्यावा लागला. पाणी ओतलं. चार ओव्या झाल्या, सात झाल्या. अकराव्या ओवीला तळ दिसला.

"पाच ओव्यांचा माळ हुता हा," आई म्हणाली, "तुझा खारा फवारा पयल्यांदा पडला त्याच्या आधी. मंग सात. गेल्या साली नऊ. औंदा तू गोड मारलास, तरी अकरा."

हर्षदा मातीकडं बघत राहिली. खारा फवारा दहा दिवसांत धुऊन जातो असं पुस्तकात होतं. जोडजीव पुन्हा लाडू वळतो असंही होतं. पण मिटलेल्या माळावरून वाहणारं पाणी रिकाम्या हातानं जात नाही. लाडू वळायला जी बारीक माती लागते, तीच ते दर वेळी घेऊन जात होतं. आता जोडजीवाकडं वळायला पीठच कमी होतं.

आणि मशीनला हे कळलं कसं नाही? तिनं खालच्या पट्ट्यांकडं बघितलं. ओल मोजणाऱ्या चाळीस सुया तीन वर्षांपूर्वी तिनं स्वतःच्या हातानं रोवल्या होत्या. वर माती टणक, सुया वाकत होत्या. मग जिथं सुई सहज आत जाते तिथं तिनं रोवल्या. सगळ्या. मेंढरं बसलेल्या पट्ट्यांत.

तीन वर्षं मशीन तिला मऊ माती सांगत होतं, कारण मऊ मातीलाच तिनं विचारलं होतं.

"आई, हे कडं मला दे."

"न्हे. तुझंच हाय, पोरी. तुला कवाडवाली केलं तवाच द्यायाचं हुतं. तू म्हणालीस, माझ्याकडं मशीन हाय."

*

उतरताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ती माती गेली कुठं?

रविवारी सकाळी ती तलावात उतरली. बुडाशी पांढुरका गाळ वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. गेल्या वर्षी हाच तलाव काठोकाठ भरला होता. वाजतगाजत येऊन बायकांनी त्याची ओटी भरली होती. साडी, खण, नारळ. ओटी भरणाऱ्यांत हर्षदा पहिली होती, आणि तात्यांनी डोळे पुसले होते. भरलं तळं म्हणजे झालं पाणी. इतकं उघड होतं ते, की बांधाखालच्या थोरल्या विहिरीत कुणी वाकून बघितलंच नाही. तळं भरलेलं असताना विहिरीच्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडत होत्या. संक्रांतीला सतरावी, म्हणजे सगळ्यात खालची पायरी दिसली तेव्हा लोक म्हणाले, काळच वाईट.

तिनं कडं गाळात दाबलं, पाणी ओतलं आणि म्हणायला सुरुवात केली. आईच्या ओव्या संपल्या. आजीच्या संपल्या. मग सासूबाईंची आठवली. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. नव्या नवरीला पहिल्यांदा थोरल्या विहिरीवर नेताना त्यांनी तीच म्हटली होती.

*विहिरीच्या पायरीला उभी राहिले मी बाई...*

"हे काय चाललंय?"

बांधावर तिचा नवरा नवनाथ उभा होता. हातात चहाचा थर्मास. "गाव म्हणतंय, कवाडवाली तळ्यात बसून गाणं म्हणतीया. म्हटलं, बघून यावं. पाऊस पाडतीस का काय?"

"किती झाल्या म्हाईत हाय का? अडतीस."

"अडतीस काय?"

"ओव्या. आणि पाणी बघा."

नवनाथनं खाली उतरून बघितलं. कड्यात पाणी तसंच होतं. त्यात आभाळ दिसत होतं.

तिनं खुरपं घेतलं आणि कड्याशेजारी गाळ उचकटला. दीड वीत जाड, लोण्यासारखा चिकट, लालसर थर. त्याच्या खाली तलावाचा जुना मुरूम, ठणठणीत कोरडा. महिनोन्‌महिने पाण्याखाली असलेल्या तळ्याचं बूड, आणि कोरडं.

"ही माती वळखली का?" तिनं चिमूट त्याच्या तळहातावर ठेवली. "हुलगेवाडीची. आपण वरचा माळ मिटवला, पाणी खाली पळवलं, आणि पाण्याबरोबर आलेल्या मातीनं आपल्याच तळ्याला पापडी धरली. पाझर तलाव पाझरतच न्हाई. नुसता उन्हात वाळतोय. आणि वरचा माळ पीत न्हाई म्हणून तिकडूनबी विहिरीला काय येत न्हाई. दोन्ही दारं आपणच लावली."

नवनाथ बराच वेळ बोटांनी ती माती चोळत राहिला. भला माणूस होता तो. पण बापापुढं त्याचा आवाज कधी निघाला नव्हता.

"तात्या ऐकायचं न्हाईत," तो म्हणाला.

"तुम्ही ऐकलं ना?"

"मी ऐकून काय उपेग?"

"मला हाय," ती म्हणाली आणि थर्मासचं झाकण उघडलं.

*

तात्या सोप्यात आडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. हर्षदानं सगळं सांगितलं. सुया कुठं रोवल्या ती आपली चूकही लपवली नाही. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आडकित्ता मिटला.

"झालं? आता मी सांगतो. तू न्हाई, तुझं माहेर बोलतंय."

तिला हे येणार हे माहीत होतं. तरी ते लागलं.

"तात्या, विहीर कुणाचं माहेर हाय?"

"शब्दांत पकडू नगंस. गेल्या साली भरलं तळं ह्या डोळ्यांनी बघितलंय मी. तुझ्या सासूनं उभा जन्म तळं भरायची वाट बघितली. न भरताच गेली. आणि तू म्हणतीस भरू नगं?"

"भरू नगं म्हणत न्हाई. मुरू दे म्हणते. तुम्ही या माझ्यासंगं. कडं लावू, तुम्ही ओव्या मोजा."

"ओव्या!" तात्या उठलेच. "बायकांच्या ओव्यांवर गावाचं पाणी ठरणार आता?"

"बायकांनीच आणलंय की आजवर."

सोप्याच्या दारात इंदूमावशी आल्या होत्या. त्या उंबऱ्यालाच टेकून ऐकत राहिल्या.

"समितीचा ठराव खाऱ्याचा हाय," तात्या म्हणाले. "अंगठा खाऱ्याला द्यायचा. न्हाईतर पद सोडायचं."

"पद सोडते," हर्षदा म्हणाली. "मंगळवारी, पाऊस झाल्यावर. तवर मी कवाडवाली हाय, आणि माझा अंगठा गोडाला पडणार. मी लपवून करत न्हाई. म्हणून आधी घरात सांगितलं."

तात्यांनी तिच्याकडं असं बघितलं, जणू ओळखीच्या वाटेवर अनोळखी दगड लागला. मग ते आत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

*

सोमवारी सकाळी तिनं अंगठा दिला. बारा ड्रोन माळावर गेले आणि गोड धुकं सांडत नऊशे एकर फिरून आले. माळावर उसाच्या गुऱ्हाळासारखा वास सुटला.

पण एवढ्यानं अर्धंच दार उघडत होतं. खालचं बूड मिटलेलंच होतं, आणि खालचं गाव तहानेलंच होतं. तिनं भावाला फोन लावला.

"दादा, गोड मारलाय."

पलीकडून भरलेला आवाज. "हर्षू..."

"थांब. रडू नगंस. आता माझं ऐक. मेंढरं घिऊन खाली ये. समदी."

"कुठं?"

"तळ्यात. आज दिवसभर तळ्याच्या बुडात फिरव. उद्या पावसापतुर तिथंच बसव."

"डोस्कं फिरलंय का तुझं? सोनतळ्यात? तीन वर्सं झाली, त्या गावच्या माणसानं मला रामराम घातला न्हाई. तुझ्या सासऱ्यानं माझा कळप बांधावरनं हाकलला हुता!"

"म्हाईत हाय."

"आणि मी त्यांच्या तळ्याला खत देऊ?"

"त्यांचं तळं तुझ्याच मातीनं भरलंय, दादा. तुझी माती तुडवाय ये."

त्यानं फोन ठेवला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

हर्षदा कुदळ घेऊन तलावात उतरली. एकटीच. तिनं बांधाकडून सुरुवात केली, गाळाच्या थरात मुरमापर्यंत जाणारे चर पाडत. तासाभरानं मागं कुदळीचा दुसरा आवाज आला. इंदूमावशी. "माझी न्हात्या-धुत्याची समदी वर्सं त्या विहिरीवर गेली," त्या म्हणाल्या. "सतरा पायऱ्या चढताना गुडघं बोलत्यात माझं. खण." मग नवनाथ आला. बापाला सांगून आला होता का न सांगता, ते तिनं विचारलं नाही. त्यानं सदरा काढून बाभळीला अडकवला, एवढं पुरे होतं. दुपारपर्यंत सात बायका आणि तीन पुरुष झाले.

आणि ऊन कलताना बांधावर धूळ उठली. पुढं बिरू, खांद्यावर घोंगडी. मागं चारशे मेंढरं.

बिरूनं बांधावर थांबून खाली बघितलं. कुदळी थांबल्या.

"रामराम, पाव्हणं," इंदूमावशी खालून ओरडल्या. "का वर उभं राहून नुसता मुजराच घेणार?"

"रामराम," बिरू म्हणाला, आणि हाळी देऊन कळप खाली सोडला.

सोळाशे खुरांखाली ती पापडी पापड मोडावा तशी वाजत होती.

*

मंगळवारी दुपारी दोनला आभाळ खाली आलं. कळप बाहेर काढून जेमतेम बांधावर नेला, तोवर पहिले थेंब पडले. बोराएवढे. हस्तानं सोंड उघडली.

सारं गाव बांधावर आलं होतं, डोक्यावर पोती, छत्र्या, ताडपत्र्या. तात्याही आले होते. सगळ्यांचे कान एका आवाजाकडं लागले होते. माळावरचा ओढा उतरून तळ्यात कोसळतो, तो आवाज. मागची तीन वर्षं पावसाच्या विसाव्या मिनिटाला तो आला होता, लाल पाण्याचा लोंढा फुसांडत.

वीस मिनिटं झाली. तास झाला. पाऊस कानठळ्या बसवत होता आणि ओढा मुका होता.

तीन तासांनी तो थांबला तेव्हा तलावात घोट्याइतकं पाणी होतं. स्वच्छ, खालचे चर दिसतील असं. कुणी तरी म्हणालं, "गेलं वरीस." कुणी तरी त्याच्याहून वाईट बोललं. नवनाथ हर्षदाच्या बाजूला येऊन उभा राहिला.

हर्षदानं टॅबलेट पुसला आणि तात्यांच्या हातात दिला.

"ठरल्यापरमाणं," ती म्हणाली.

तात्यांनी तो घेतला. पडद्यावर तलावाचा आकडा लाल होता, चार टक्के. ते त्या आकड्याकडं बघत राहिले आणि मग कुणाकडंही न बघता घरी गेले.

पुढचे दिवस कठीण होते. घरात बोलणं फक्त कामाचं. नळाला चार दिवसांनी एकदा पाणी. पिठाच्या गिरणीत तिच्यामागं कुजबुज व्हायची. पाचव्या दिवशी घोट्याइतकं पाणीही दिसेनासं झालं, आणि एका समितीवाल्यानं तोंडावर विचारलं, "कवाडवाली, तळं कुठं ठिवलंस?"

"खाली," ती म्हणाली.

आठव्या दिवशी बिरूनं फोटो पाठवला. सबंध माळपट्टीवर शाळवाचे हिरवे कोंब, एकाचंही डोकं न फुटता वर आलेले. फोटोखाली लिहिलं होतं, ‘आईनं शेजारणीचं कडं आणून दोन्ही जागी लावलं. खाली तीन. वर आठ.’ अकराचे आठ झाले होते. हर्षदानं फोटो कुणालाच दाखवला नाही. वरचं हिरवं खालच्याला दाखवून काय मिळणार होतं? ती वाट बघत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. ती रोज सकाळी थोरल्या विहिरीवर जायची, पायऱ्या मोजायची आणि परत यायची. सतरा. सतरा. सतरा. बाराव्या दिवशी सतरावी पायरी ओली दिसली. ती कुणाला बोलली नाही. ओली पायरी म्हणजे दवही असू शकतं.

*

विसाव्या दिवशी सकाळी तिचं पितळी कडं देवळीतून गायब झालं होतं.

"तुम्ही घेतलं का?" तिनं नवनाथला विचारलं.

"मी? न्हाई बा." मग तो थांबला. "तात्याबी न्हाईत. पहाटंच गेल्यात."

ती आधी विहिरीवर गेली. पायऱ्या मोजायला लागली आणि तेरावर थांबली. चौदावी दिसेना. तिनं खडा टाकला. चौदाव्या पायरीच्या जागी पाणी हललं. विहिरीच्या भिंतीवर, आजवर तिच्या नजरेत न आलेल्या, कोळशाच्या रेघा होत्या, पाण्याबरोबर वर चढत गेलेल्या. सगळ्यात वरची ओली होती. म्हणजे तिच्याशिवाय आणखीही कुणी रोज पायऱ्या मोजत होतं.

मग ती बांधावर चढली.

तलावाच्या बुडात, जिथं मेंढरं बसली होती तिथं, तात्या उकिडवे बसले होते. टोपी शेजारी वीतभर उगवलेल्या गवतावर. समोर पितळी कडं. हातात देवघरातलं फुलपात्र. त्यांनी आजूबाजूला बघितलं, कुणी नाही अशी खात्री केली, पाणी ओतलं आणि खर्जात, बेसूर, एकाच सुरात म्हणायला लागले.

*विहिरीच्या पायरीला उभी राहिले मी बाई...*

थांबले. पुन्हा तीच ओळ. पुन्हा थांबले. त्यांना पुढची येत नव्हती. जन्मभर घरात ऐकलेली ओवी, पण बायकांची म्हणून कधी कान देऊन ऐकली नव्हती. तीच ओळ ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आणि दर खेपेला बोट दुमडत राहिले.

हर्षदा खाली उतरली. गवतात पाय वाजला तसे तात्या दचकले, पण उठले नाहीत. त्यांनी दुमडलेली बोटं तिच्यासमोर धरली.

"आठ वेळा म्हणलो," ते म्हणाले. "अर्धीच. म्हंजे किती ओव्या झाल्या?"

"चार, तात्या."

त्यांनी कड्यात बघितलं. आत नुसती ओली माती होती. बराच वेळ ते त्या मातीवर हात ठेवून बसले.

"तिची पुढची ओळ काय हुती गं?" त्यांनी विचारलं. "म्या आठवतोय, तवर पाणी निघून जातंय."

हर्षदानं फुलपात्र घेतलं, पुन्हा पाणी ओतलं, आणि त्यांच्याशेजारी मांडी घालून बसली.

*पाणी म्हणतं खालून: येतं वर, नको घाई.*